आधी विचारपूस, मग मागणी : नॅशनल कौन्सिल ऑफ ज्यूइश विमेनची वाटचाल

सप्टेंबर १८९३ आणि शिकागो म्हटले की मराठी माणसाच्या डोळ्यांपुढे सर्वधर्मपरिषद आणि स्वामी विवेकानंद उभे राहतात. ती परिषद ११ सप्टेंबरला सुरू झाली. मुंबईचे बी. बी. नगरकर ब्राह्मसमाजाच्या वतीने तिथे बोलले, मुंबईच्याच जीन सोराबजी यांनी भारतातल्या स्त्रियांविषयी निबंध वाचला. ती ज्या जागतिक प्रदर्शनाच्या निमित्ताने भरली त्याच्याच निमित्ताने, आधीच्याच आठवड्यात, ४ ते ७ सप्टेंबर असे चार दिवस शिकागोत ज्यू स्त्रियांचीही एक परिषद भरली होती. तिची आठवण आपल्याकडे फारशी कुणी काढत नाही. अमेरिकेतल्या ज्यू स्त्रिया देशभरातून एका ठिकाणी जमल्या, असे त्याआधी कधी घडले नव्हते. शेवटच्या दिवशी त्यांनी ठराव केला की हे जमणे इथेच संपू द्यायचे नाही. त्या ठरावातून नॅशनल कौन्सिल ऑफ ज्यूइश विमेन ही संस्था उभी राहिली. ‘श्रद्धा आणि मानवता’ हे तिचे ब्रीद. सभासद तिला नुसते ‘कौन्सिल’ म्हणतात, आपणही तेच म्हणू.

कौन्सिलच्या संस्थापक हॅना ग्रीनबाम सॉलोमन यांचा जन्म १८५८ साली शिकागोतच झाला. घराणे जर्मनीतून आलेले. वडील मायकेल ग्रीनबाम व्यापारी होते, आणि नुसते व्यापारी नव्हते. १८५३ साली दक्षिणेतून पळून आलेल्या एका गुलामाला कायद्याच्या आधाराने पकडून कोठडीत डांबले गेले, तेव्हा त्याला सोडवायला चालून गेलेल्या जमावाच्या अग्रभागी हे गृहस्थ होते. अशा घरात वाढलेल्या हॅना आणि त्यांची बहीण हेन्रिएटा फ्रँक या दोघी शिकागो विमेन्स क्लबमध्ये प्रवेश मिळालेल्या पहिल्या ज्यू स्त्रिया ठरल्या. सभा कशी चालवायची, इतिवृत्त कसे लिहायचे, नगरपालिकेकडे मागणी कशी लावून धरायची, हे धडे त्या तिथे शिकल्या. संसार होता, तीन मुले होती. प्रदर्शनाच्या आयोजक स्त्रियांनी ज्यू स्त्रियांना एकत्र आणण्याची जबाबदारी त्यांच्यावर टाकली, तेव्हा त्यांच्यापुढे पहिलाच प्रश्न उभा राहिला तो पत्त्यांचा. देशातल्या कर्त्या ज्यू स्त्रियांची यादी कुणाकडेच नव्हती. मग त्यांनी मोठमोठ्या शहरांतल्या रब्बींना, म्हणजे ज्यू धर्मगुरूंना, पत्रे लिहिली, तुमच्या गावात अशा कोण बायका आहेत त्यांची नावे कळवा म्हणून विचारले, आणि आलेल्या एकेका नावाला पुन्हा स्वतःच्या हाताने पत्र घातले.

सर्वधर्मपरिषदेतल्या ज्यू विभागाची तयारी पुरुषांची समिती करत होती. तिने सॉलोमन आणि त्यांच्या सहकारी स्त्रियांना बैठकीला बोलावले, सहकार्य मागितले. कार्यक्रमात स्त्रियांना बोलायला किती वेळ मिळणार, असे त्यांनी विचारले. पत्रिकेत एकाही स्त्रीसाठी जागा ठेवलेली नव्हती. तेव्हा सॉलोमन उठल्या. या अटींवर आम्हाला तुमच्याबरोबर काम करायचे नाही, आणि आम्ही या बैठकीला आलो होतो हेही तुमच्या इतिवृत्तातून काढून टाका, असे त्यांनी समितीला सुनावले. स्त्रियांची परिषद वेगळी भरली ती त्यामुळे. कौन्सिलच्या इतिहासातला हा प्रसंग मला फार मोलाचा वाटतो. आवाज न चढवता त्यांनी आपले नाव काढून घेतले आणि लगेच दुसरे काम हाती घेतले.

परिषद पाहायला गर्दी लोटली. पश्चिम किनाऱ्यावर धर्मोपदेशिका म्हणून नाव मिळवलेल्या रे फ्रँक यांनी प्रार्थनेने सुरुवात केली. सिनेगॉगमधल्या पारंपरिक चालींचे एक पुस्तक या परिषदेसाठी खास सिद्ध करण्यात आले होते. हेन्रिएटा सोल्ड आणि जोसेफिन लाझारस यांनी पुढे सर्वधर्मपरिषदेतही निबंध सादर केले. न्यूयॉर्कच्या रिबेका कोहट यांनी निबंध तयार केला होता, पण रब्बी असलेल्या पतीने ऐनवेळी गळ घातल्यामुळे त्या घरीच राहिल्या आणि निबंध त्यांच्या बहिणीने वाचला. याच रिबेका कोहट ३० वर्षांनी व्हिएन्नात भरलेल्या ज्यू स्त्रियांच्या जागतिक परिषदेत अध्यक्ष म्हणून निवडल्या गेल्या. संघटना हवी, ही गोष्ट सर्वांत ठामपणे मांडली ती शिकागोच्याच सेडी अमेरिकन यांनी. त्या कौन्सिलच्या पहिल्या चिटणीस झाल्या आणि पुढची २० वर्षे संस्थेचा बहुतेक गाडा त्यांनीच ओढला. अध्यक्षपद १९०५पर्यंत सॉलोमन यांच्याकडे राहिले.

सुरुवातीचे काम होते धर्माच्या अभ्यासाचे. मुलग्यांना हिब्रू शिकवत, मुलींना शिकवत नसत. त्यामुळे गावोगावच्या शाखांनी अभ्यासमंडळे काढली, बायबल आणि ज्यू इतिहास वाचायला घेतला. त्याच अभ्यासातून पहिले मोठे भांडणही निघाले. सॉलोमन ज्या सुधारक सिनेगॉगच्या सभासद होत्या तिथे मुख्य उपासना रविवारी होई. कोकणात ज्यू समाजाला ‘शनवार तेली’ हे नावच शनिवारी घाणा बंद ठेवतात म्हणून मिळाले. तेव्हा शनिवार हा या समाजाला किती जवळचा दिवस, हे मराठी वाचकाला समजावून सांगायला नको. कौन्सिलच्या अधिवेशनात सनातनी मताच्या स्त्रियांनी हरकत घेतली : जी शब्बाथच पाळत नाही, ती अध्यक्ष कशी चालेल? सॉलोमन यांनी उत्तर दिले की मी आठवड्याचा प्रत्येक दिवसच पवित्र मानते. सभागृहाने त्यांनाच पुन्हा निवडले, पण मनात अढी राहिली ती राहिलीच. धर्माच्या आचारावर एकमत होणे कठीण आणि कामावर मात्र लगेच होते, हे त्या वर्षांत या बायकांना उमगले. मग संस्थेचे तोंड हळूहळू कामाकडे वळले.

काम दारात येऊन उभेच होते. १८८१नंतर रशियन साम्राज्यात ज्यूंवर हल्ल्यांचे सत्र सुरू झाले. तेव्हापासून १९२४पर्यंत पूर्व युरोपातून २० लाखांहून अधिक ज्यू अमेरिकेत आले. पिट्सबर्गच्या शाखेने १८९५ सालीच त्यांच्यासाठी शाळा काढली, सिएटलच्या शाखेने १९०६ साली वस्तीकेंद्र उघडले. तिथे इंग्रजीचे वर्ग होते, शिवणकाम होते आणि ज्यांच्या खोल्यांत मोरी नव्हती अशांसाठी मोफत स्नानगृहही होते. पण कौन्सिलचे नाव ज्या कामामुळे सरकारदरबारी पोहोचले, ते एलिस बेटावरचे.

न्यूयॉर्क बंदरातल्या या बेटावर बोटीतून उतरलेल्या माणसांची तपासणी होई. डोळे तपासत, कागद पाहत, प्रश्न विचारत. सरकारवर भार होईल असा संशय आला तर परत पाठवत. एकट्या आलेल्या मुलीला घ्यायला कुणी नातेवाईक आल्याशिवाय सोडत नसत. हे नातेवाईक खरोखरचे असतील याची खात्री कुणाला होती? बंदरावर दलाल टपलेले असत. कुणी मावसभाऊ म्हणून पुढे येई, कुणी मोलकरणीची जागा देतो म्हणे, कुणी तिथल्या तिथे लग्नाची मागणी घाली. अशा कितीतरी मुली वेश्यावस्तीत पोहोचत होत्या, आणि या धंद्यात फसवणारे आणि फसलेल्या दोन्ही ज्यू आहेत हे उघड बोलायची समाजाला लाज वाटत होती. कौन्सिलने ती लाज बाजूला ठेवली. हे धाडस लहान नव्हते. ज्यूद्वेष्ट्यांच्या हाती कोलीत मिळेल, घरातले घरात ठेवा, असा सल्ला देणारे पुष्कळ होते.

१९०४ साली कौन्सिलने एलिस बेटावर कायमची व्यवस्था उभी केली. पूर्व युरोपातल्या ज्यूंची यिडिश भाषा बोलणारी कौन्सिलची प्रतिनिधी १२ ते ३० वर्षांच्या, एकट्या उतरलेल्या प्रत्येक ज्यू मुलीला गाठे. नाव काय, कुणाकडे निघालीस, पत्ता कुठे आहे, काम ठरले आहे का, अशी चौकशी होई आणि सगळे कागदावर उतरे. यिडिश, जर्मन आणि इंग्रजीत छापलेले पत्रक तिच्या हाती देत. अनोळखी माणसाने दिलेल्या पत्त्यावर जाऊ नकोस, सोपे काम आणि भरघोस पगार सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नकोस, अडचण आली तर या ठिकाणी ये, असा त्याचा आशय. मग ती ज्या शहरी निघाली असेल तिथल्या शाखेला तिचे नाव आणि पत्ता जाई. तिथली एखादी सभासद काही दिवसांनी त्या पत्त्यावर जाऊन दार ठोठावी. मुलगी खरेच तिथे आहे का? ज्याला काका म्हटले तो काका आहे का? झोपायला जागा कुठे दिली आहे? कारखान्यातला मुकादम पगार वेळेवर देतो का? संध्याकाळच्या इंग्रजी वर्गाला तिचे नाव घालायचे का?

या दार ठोठावण्यात सगळे आले. घरोघर नोंदी होऊ लागल्या तेव्हा दिसले की एकीला जी अडचण तीच शेकडो जणींना आहे, आणि ती एकेकीला मदत करून सुटणारी नाही. पगाराचा कायदा हवा, बालमजुरीला बंदी हवी, राहत्या घरांची तपासणी हवी. आधी विचारपूस, मग नोंद, मग मागणी, ही कौन्सिलची रीत इथे पडली आणि पुढच्या शंभर वर्षांत तिने केलेल्या जवळजवळ प्रत्येक चांगल्या कामात ती दिसते. ज्या वेळी ती सोडली गेली, त्या वेळी कामाला धार राहिली नाही, असे माझे मत आहे.

दार ठोठावणारी आणि दार उघडणारी यांच्यात मात्र अंतर होते, तेही सांगायला हवे. सभासद बहुतेक जर्मन ज्यू घरांतल्या, दोन पिढ्या अमेरिकेत स्थिरावलेल्या, घरी नोकरचाकर असलेल्या. नव्याने आलेल्या बायका गरीब, यिडिश बोलणाऱ्या, डोक्याला रुमाल बांधणाऱ्या. यिडिश ही कित्येक सभासदांना धड भाषाही वाटत नसे. मुलांना कशी आंघोळ घालावी, स्वयंपाकघर कसे आवरावे, हे सांगताना सूर उपदेशाचा होई, आणि पाहुणीच्या हॅटखाली लपलेला तो सूर समोरच्या बाईला बरोबर ऐकू येई. या नव्यांच्या मुली शिकून पुढे आल्या, त्यांतल्या अनेकींनी हेन्रिएटा सोल्ड यांनी १९१२ साली काढलेल्या हदासा या ज्यू स्त्रीसंस्थेची वाट धरली. कौन्सिलमध्येही त्या आल्या, पण त्याला काळ जावा लागला. १९३२ ते १९३८ या काळात कौन्सिलच्या अध्यक्ष असलेल्या फॅनी ब्रिन या रुमानियात जन्मून तान्ह्या वयात मिनियापोलिसला आलेल्या, म्हणजे ज्यांच्यासाठी वर्ग चालत त्यांच्यातल्याच.

१९०४ सालीच बर्लिनला आंतरराष्ट्रीय महिला परिषदेचे अधिवेशन झाले. सॉलोमन तिथे स्त्रीमताधिकाराच्या पुढारी सुझन अँथनींबरोबर गेल्या आणि जर्मन उत्तम येत असल्याने त्यांच्या दुभाषी झाल्या. (हीच परिषद १८८८ साली वॉशिंग्टनला स्थापन झाली तेव्हा पंडिता रमाबाई तिथे उपस्थित होत्या. अमेरिकन स्त्रियांच्या संस्था कशा चालतात याचे वर्णन त्यांनी १८८९ सालच्या आपल्या मराठी प्रवासवृत्तात भरभरून केले आहे.) बर्लिनच्या त्या अधिवेशनाच्या वेळी बर्था पापेनहाइम यांनी जर्मनीतल्या ज्यू स्त्रियांचा संघ स्थापन केला. मुलींच्या व्यापाराविरुद्ध आयुष्यभर लढलेली ही बाई मानसशास्त्राच्या पुस्तकांत ‘ॲना ओ.’ या नावाने एक रुग्ण म्हणून अमर झाली, याचे वाईट वाटते. तिचे खरे नाव आणि खरे काम लोकांना ठाऊक हवे होते. नाझींनी तो संघ १९३८ साली मोडला आणि हॅना कार्मिन्स्की यांच्यासारख्या त्याच्या कार्यकर्त्यांना छळछावण्यांत धाडले.

ज्यू स्त्रियांच्या संघटनेचे वारे मुंबईलाही लागले होते. १९१३ साली इथे बेने इस्रायल स्त्री मंडळ सुरू झाले. पुण्याच्या हुजूरपागेत शिकलेल्या डॉ. जेरुशा झिराड वैद्यकीच्या शिक्षणासाठी लंडनला गेल्या असताना तिथल्या लिली माँटेग्यू यांच्या उदारमतवादी ज्यू चळवळीशी त्यांचा परिचय झाला आणि १९२५ साली त्यांनी मुंबईत ज्यूइश रिलिजस युनियन काढली. कामा रुग्णालयाची धुरा वाहणाऱ्या या डॉक्टरबाईंना १९६६ साली पद्मश्री मिळाली. हे प्रवाह अमेरिकेतल्या कौन्सिलहून वेगळे, पण काळ एक आणि ओढ एक.

मताधिकाराच्या प्रश्नावर कौन्सिल कचरली. मॉड नेथन यांच्यासारख्या तिच्या परिचित कार्यकर्त्या मताधिकाराच्या आघाडीवर होत्या. त्यांची सख्खी बहीण ॲनी नेथन मेयर, जिने बर्नार्ड कॉलेज उभे केले, ती मात्र मताधिकाराच्या विरोधात. घरातच अशी फूट, तर संस्थेत का नसावी? फुटीच्या भीतीने कौन्सिलने संस्था म्हणून पाठिंब्याचा ठराव केला नाही. मला ही तिच्या इतिहासातली मोठी उणीव वाटते. मत मिळाल्यावर मात्र तिने ते वापरायला क्षणाचाही उशीर केला नाही. १९२० साली वॉशिंग्टनमध्ये स्त्रीसंस्थांची संयुक्त समिती स्थापन झाली, तिच्या संस्थापक संस्थांत कौन्सिल होती. या समितीच्या रेट्यामुळे माता आणि अर्भकांच्या आरोग्यासाठी केंद्र सरकारचा पैसा देणारा शेपर्ड-टाउनर कायदा १९२१ साली झाला.

पुढच्याच वर्षी केबल कायदा आला. त्याआधी नवऱ्याचे नागरिकत्व तेच बायकोचे, असा नियम होता. अमेरिकन मुलीने परदेशी माणसाशी लग्न केले तर तिचे नागरिकत्व जाई. परदेशी बाईचा नवरा अमेरिकन नागरिक झाला की तीही आपोआप होई. केबल कायद्याने स्त्रीचे नागरिकत्व बहुतांशी तिचे स्वतःचे केले. तत्त्व म्हणून हा विजयच. पण शाखांमधून दार ठोठावत फिरणाऱ्या बायकांना त्याची दुसरी बाजू लगेच दिसली. चार मुलांची आई, घराबाहेर पाऊल न टाकलेली, इंग्रजी अक्षर न ओळखणारी. तिने आता न्यायाधीशापुढे उभे राहून अमेरिकेच्या राज्यघटनेवर प्रश्नांची उत्तरे द्यायची! ती नापास झाली तर नवरा-मुले नागरिक आणि ती परकी. म्हणून कौन्सिलने खास आयांसाठी वर्ग काढले, दुपारच्या वेळी, मुले शाळेत असताना.

या कामाचा प्राण होत्या सिसिलिया राझोव्स्की. १९२०च्या दशकात कौन्सिलच्या स्थलांतर विभागाची सूत्रे त्यांच्या हाती होती. ‘द इमिग्रंट’ हे पत्र त्या चालवत, येणाऱ्यांसाठी सोप्या भाषेत पुस्तिका लिहीत. १९२४च्या कायद्याने देशवार कोटे ठरले आणि दार जवळजवळ बंद झाले. नवरा न्यूयॉर्कला, बायको-मुले युरोपातल्या बंदरात अडकलेली, अशा शेकडो कुटुंबांचे कागद राझोव्स्कींच्या टेबलावर येत. कोणत्या कलमाखाली अर्ज केला तर बसेल, कोणता दाखला कमी आहे, कोणत्या वकिलातीत कोणता अधिकारी ऐकून घेतो, हे त्यांना तोंडपाठ असे. त्यांचे नाव आज अमेरिकेतही फारसे कुणाला ठाऊक नाही. हिटलर सत्तेवर आल्यावर निर्वासितांसाठी ज्या राष्ट्रीय समित्या झाल्या, त्यांचा कारभार साहजिकच या बाईंकडे आला.

१९३४पासून जर्मनीतली ज्यू मुले, आईबापांशिवाय, लहान लहान गटांनी अमेरिकेत आणण्याची योजना चालली. मूल सरकारवर भार होणार नाही याची हमी लागे, आणि प्रत्येक मुलासाठी मोबदला न घेता सांभाळणारे घर आधी शोधून ठेवावे लागे. ती घरे पाहायला शाखांमधल्या बायका गेल्या. दार ठोठावण्याचा चाळीस वर्षांचा सराव त्यांना उपयोगी पडला. आणलेल्या मुलांची संख्या हजाराच्या घरातली, म्हणजे गरजेच्या मानाने अगदी थोडी. १९३९ साली २० हजार मुलांना कोट्याबाहेर प्रवेश देणारे वॅग्नर-रॉजर्स विधेयक आले आणि काँग्रेसमध्येच विरले.

त्याच वर्षी मे महिन्यात ‘सेंट लुईस’ ही बोट हॅम्बुर्गहून ९३७ प्रवासी घेऊन हवानाला पोहोचली. जवळजवळ सारे ज्यू निर्वासित. क्युबाने मोजके २८ जण उतरवून घेतले, बाकीच्यांना नाही. वाटाघाटीसाठी न्यूयॉर्कहून जे गेले त्यांत राझोव्स्की होत्या. कागदांच्या या जाणकार बाईने आयुष्यभर जमवलेली सारी युक्ती तिथे पणाला लावली, पण तिचा उपयोग झाला नाही. अमेरिकेनेही किनारा दिला नाही. बोट युरोपला परतली. परतलेल्यांपैकी २५४ जण पुढे नाझींच्या संहारात मेले. राझोव्स्की खचून बसल्या नाहीत. युद्ध संपल्यावर त्या युरोपात विस्थापितांच्या छावण्यांत काम करायला गेल्या.

युद्धोत्तर वर्षांतल्या कामाची यादी लांब आहे, तिच्यातले थोडेच इथे घेतो. युरोपातल्या अनाथ मुलांसाठी खेळणी आणि कपडे भरून पेट्या पाठवल्या. समाजकार्याचे शिक्षण घ्यायला परदेशी तरुणींना शिष्यवृत्त्या दिल्या. जेरुसलेमच्या हिब्रू विद्यापीठात शिक्षणाची संशोधनसंस्था काढली. तिथेच अविमा लोम्बार्ड यांनी १९६९ साली ‘हिप्पी’ या नावाचा कार्यक्रम घडवला. गरीब घरातल्या, कमी शिकलेल्या आईला घरी जाऊन शिकवायचे आणि तिने आपल्या मुलाला शाळेआधीचे धडे द्यायचे. उत्तर आफ्रिकेतून इस्रायलला आलेल्या कुटुंबांसाठी निघालेली ही कल्पना पुढे अनेक देशांत गेली. अमेरिकेत ती आर्कान्सात नेली ती हिलरी क्लिंटन यांनी.

नागरी हक्कांचा प्रश्न कौन्सिलला नवा नव्हता. काळ्या माणसांना जमावाने ठार मारण्याच्या प्रकारांविरुद्ध केंद्रीय कायदा व्हावा, ही मागणी ती १९३०च्या दशकापासून करत होती. तो कायदा अमेरिकेत व्हायला २०२२ साल उजाडावे लागले! पण दक्षिणेतल्या शाखांची स्थिती नाजूक होती. तिथला ज्यू समाज मूठभर. गोऱ्या शेजाऱ्यांच्या मर्जीवर दुकाने चालायची. १९५८ साली अटलांटातल्या सिनेगॉगमध्ये बॉम्बस्फोट झाला, कारण तिथला रब्बी वर्णभेदाविरुद्ध बोलत होता. अशा ठिकाणी राष्ट्रीय संस्थेने केलेला ठराव गावात वाचून दाखवणे हेही जोखमीचे होते. काही शाखा गप्प राहिल्या, काहींनी, काळी-गोरी मुले एकत्र बसू नयेत म्हणून बंद होऊ घातलेल्या शाळा सुरू ठेवण्यासाठी शेजारणींना गोळा केले. न्यूयॉर्कमध्ये बसून त्यांना भित्र्या म्हणणे सोपे होते, पण ते मला न्याय्य वाटत नाही.

१९६४च्या उन्हाळ्यात ‘वेन्स्डेज इन मिसिसिपी’ हा उपक्रम झाला. काळ्या स्त्रियांच्या राष्ट्रीय परिषदेच्या डोरोथी हाइट आणि त्यांच्या ज्यू सहकारी पॉली कोवन यांची ही कल्पना. कौन्सिल त्याच्या पाठीशी उभ्या राहिलेल्या स्त्रीसंस्थांपैकी एक. उत्तरेकडच्या शहरांतून काळ्या आणि गोऱ्या बायकांचे छोटे गट मंगळवारी विमानाने मिसिसिपीतल्या जॅक्सनला जात. उतरल्यावर एकमेकींना ओळख दाखवायची नाही. गोऱ्या हॉटेलात, काळ्या कुणाच्या तरी घरी. बुधवारी आसपासच्या गावी, हॅटिसबर्गला, कँटनला, मेरिडियनला, नागरी हक्कांच्या चळवळीने तिथे काढलेल्या ‘फ्रीडम स्कूल’ पाहायच्या, कार्यकर्त्या मुलामुलींना भेटायचे, मग गावातल्या गोऱ्या गृहिणींशी चहाच्या टेबलावर बोलायचे. गुरुवारी परत. हातात पांढरे मोजे, गळ्यात मोत्यांची माळ, मध्यमवयीन सभ्य बायका. त्यांच्या वेशाकडे पाहून पोलीस बिचकत, आणि दार उघडणारी मिसिसिपीची बाई निदान ऐकून घेई. त्याच जूनमध्ये तीन तरुण कार्यकर्त्यांना त्याच राज्यात ठार मारले होते, त्यांतले दोघे ज्यू. कोवन यांचे स्वतःचे मुलगे त्या उन्हाळ्यात मिसिसिपीतच होते. तेव्हा ही काही सहल नव्हती.

कौन्सिलची जुनी रीत सर्वांत चांगली दिसली ती पाळणाघरांच्या पाहणीत. १९७०च्या सुमारास कामावर जाणाऱ्या आयांची संख्या वाढत होती आणि मुले कुठे राहतात हे सरकारला नीट माहीत नव्हते. कौन्सिलच्या देशभरातल्या स्वयंसेविका प्रश्नावली घेऊन बाहेर पडल्या. परवान्याची केंद्रे पाहिली, बिनपरवान्याची घरगुती पाळणाघरे पाहिली, आयांशी बोलल्या, सांभाळणाऱ्या बायकांशीही बोलल्या. काही ठिकाणी उत्तम काम चालले होते. पण नफ्यासाठी चालवलेल्या अनेक जागी नुसती राखण होती, खेळ नाही, पुस्तक नाही. एका घरात तान्ही मुले पाळण्यांना आणि चालती मुले खुर्च्यांना बांधलेली आढळली. या नोंदींवरून अर्थतज्ज्ञ मेरी डब्लिन कायझरलिंग यांनी लिहिलेला ‘विंडोज ऑन डे केअर’ हा अहवाल १९७२ साली प्रसिद्ध झाला. त्याच्या आदल्या वर्षीच सर्वांसाठी बालसंगोपनाचे विधेयक काँग्रेसने मंजूर केले होते आणि अध्यक्ष निक्सन यांनी ते नकाराधिकाराने अडवले होते. कुटुंबव्यवस्था दुबळी होईल, हे त्यांचे कारण. बांधलेल्या मुलांचे कुटुंब आधीच नोकरीवर गेलेले होते, हे अहवालाच्या पानापानावर लिहिलेले आहे. सर्वांसाठी बालसंगोपनाचा तो कायदा अमेरिकेला आजही मिळालेला नाही.

१९७५ साली ‘चिल्ड्रन विदाउट जस्टिस’ हा दुसरा अहवाल आला. स्वयंसेविका या वेळी बालन्यायालयांत आणि सुधारगृहांत जाऊन बसल्या होत्या. जगातले पहिले बालन्यायालय १८९९ साली शिकागोत सुरू झाले, ते ज्या शिकागो विमेन्स क्लबच्या खटपटीने, त्याच क्लबमध्ये सॉलोमन सार्वजनिक काम शिकल्या. मुलाला गुन्हेगार न मानता त्याच्याकडे मूल म्हणून पाहावे, यासाठी निघालेले ते न्यायालय पाऊण शतकात असे झाले होते, की घरातून पळालेली मुलगी आणि दरोडा घालणारा मुलगा एकाच कोठडीत सापडत. आजीच्या पिढीने उभे केलेले काम तपासायला नातीच्या पिढीने जावे आणि जे दिसले ते न लपवता छापावे, हे कोणत्याही संस्थेला शोभणारे आहे. आपल्या संस्थांनाही ते जमावे, असे मनापासून वाटते.

सर्वोच्च न्यायालयाच्या १९७३च्या ‘रो’ निकालाने अमेरिकेतल्या स्त्रीला गर्भपाताचा घटनात्मक हक्क मिळाला. तेव्हापासून तो टिकवणे हे कौन्सिलचे मुख्य काम झाले. इथे तिचा युक्तिवाद धर्मातून येतो आणि म्हणून तो ऐकण्यासारखा आहे. प्रसूतीत आईचा जीव धोक्यात आला तर आईचा जीव आधी, असे मिश्ना या प्राचीन ज्यू धर्मग्रंथात स्पष्ट सांगितले आहे. डोके बाहेर आल्यावर मात्र नियम बदलतो. गर्भ आणि जन्मलेले माणूस ज्यू धर्मशास्त्राने एका मापाने मोजलेले नाहीत. तेव्हा सरसकट बंदी घालणारा कायदा हा एका धर्माची समजूत दुसऱ्यांवर लादतो आणि आमच्या धर्मस्वातंत्र्यावर घाला घालतो, असे कौन्सिल म्हणते. सनातनी ज्यूंतले अनेकजण या निष्कर्षाशी सहमत नाहीत. सॉलोमन यांच्या काळातला शब्बाथचा वाद नव्या रूपात चालूच आहे.

२००१ साली कौन्सिलने केंद्रीय न्यायाधीशांच्या नेमणुकांवर लक्ष ठेवणारी मोहीम उघडली, कारण हा हक्क जाईल तर न्यायालयातून जाईल हे तिने ओळखले होते. २०२१पासून दर वर्षी एका शब्बाथला अमेरिकेतल्या कित्येक सिनेगॉगमध्ये प्रजनन हक्कांवर प्रवचने होतात, तीही तिच्याच पुढाकाराने. १७ मे २०२२ रोजी, ‘रो’ रद्द करणाऱ्या निकालाचा मसुदा फुटल्यावर, तिने वॉशिंग्टनमध्ये काँग्रेसच्या इमारतीसमोर ज्यू समाजाचा मेळावा घेतला. त्यात रब्बी स्त्रिया प्रार्थनेची शाल पांघरून उभ्या होत्या. जूनमध्ये सर्वोच्च न्यायालयाने ‘रो’ रद्द केला. ज्या राज्यांत बंदी आली तिथल्या स्त्रियांना दुसऱ्या राज्यात जाण्याचा आणि उपचारांचा खर्च देण्यासाठी कौन्सिलने निधी उभारला, आणि त्या राज्यांतल्या तिच्या शाखा आता विधिमंडळांचे दरवाजे ठोठावत आहेत.